स्तावरूलाच्या घुगऱ्या

प्रशांत बाहेर पानं ओढतोय. निळी ताडपत्री अंथरलीय आणि तिच्यावर प्लॅस्टिकच्या दाताळ्याने मेपलची पानं लोटतोय. खर्र, खर्र. मध्येच थांबतो, कानातलं यंत्र नीट बसवतो, ऑफिसच्या कुणाशी तरी बोलतो, की परत खर्र. नोव्हेंबर संपत आला की इथे अमेरिकेत, आमच्या नेपरव्हिलला घराघरापुढे हाच आवाज असतो. बर्फ पडायच्या आत पानं उचलायची असतात. मी सिंकपाशी उभी राहून ऐकते आणि हातातलं भांडं हातात राहतं. माझ्या कानाला हा आवाज मेपलचा वाटतच नाही. तो ऑलिव्हच्या झाडाखालचा वाटतो.

ओट्यावर पातेल्यात गहू भिजतोय. सकाळपासून मी झाकण उघडून उघडून बघते. गहू काय पळून जाणार आहे? पण माझा जीवच असा. या देशात आल्यापासून मला सगळ्याची धास्ती. फोडणीच्या धुराने तो अलार्म कोकलेल का, दार मागच्या मागे बंद होऊन मी बाहेर राहीन का, एअरपोर्टवरचा साहेब पासपोर्ट हातात धरून मला काही विचारेल आणि मी भलतंच बोलेन का. तक्रार मात्र नाही हं. मुलगा सांभाळतो, सून केतकी पुण्याची, शिकलेली, पण कधी वर आवाज नाही. नात ईरा शाळेतून आल्यावर गळ्यात पडते. आठवीत शाळा सुटून तासगावच्या द्राक्षबागांमध्ये विरळणीला जाणाऱ्या मुलीला देवाने याहून काय द्यायचं?

फक्त एक झालं. इथे येऊन माझं नाव गेलं. मी प्रशांतची आई, ईराची आजी, केतकीच्या मैत्रिणींची काकू. नावाने हाक मारणारे हे वारले, बहीण वारली. या अख्ख्या देशात मला नावाने हाक मारणारी एकच बाई होती, आणि तिला ते नीट म्हणता यायचं नाही. ग्रीक जिभेला 'ष' वळत नाही. उषाची तिने ऊसा केली. मी म्हटलं, चालेल, आमच्या भागात ऊस पिकतोच.

ती स्तावरूला, शेजारच्या दाराची. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणायचे. तिला वाटायचं, मावशी म्हणजे मराठीत 'गुड मॉर्निंग'. तीही मला सकाळी "मावशी, ऊसा!" म्हणायची. तिला नवरा नव्हता. एकुलती एक मुलगी एलेनी लांब डेन्वरला. आमची ओळख झाली ती गवतात. एका एप्रिलमध्ये ती लॉनवर बसून चाकूने पिवळ्या फुलांचा पाला खुडत होती. त्या डँडेलियनला इथले लोक तण म्हणतात. मी खिडकीतून बघितलं, आणि आदल्याच दिवशी तर सोसायटीच्या माणसाने तिथे औषध मारलं होतं. मी चपला न घालता धावले आणि तिच्या हातावर चापट मारली. एवढ्या म्हाताऱ्या परक्या बाईच्या हातावर! "पॉयझन! पॉयझन!" ती आधी चिडली, मग हसली, मग तिने तो पाला माझ्या नाकापुढे धरून विचारलं, "यू नो?"

नो कशी नसणार? आमच्याकडची पाथरीच ती, फक्त अंगाने भरलेली. आई मळ्यातून पदरात घेऊन यायची, दाण्याचा कूट घालून करायची. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी औषध न मारलेली जागा हुडकत नदीकाठाने हिंडत होतो. जाणारे-येणारे बघायचे, एक काळ्या कपड्यातली, एक साडीवर स्वेटर घातलेली, दोघी वाकून गवतात काहीतरी शोधतायत. एकाने तर थांबून विचारलं, तुमची अंगठी हरवलीय का म्हणून.

तिच्यामुळे मी ग्रीसला गेले. मी काही फिरायला जाणारी बाई नव्हे. पण तिला गावी ऑलिव्हच्या तोडीला जायचं होतं आणि एलेनीने फोनवर सांगितलं होतं, मॉम, एकटी जाणार असशील तर जाऊच नकोस. मग तिने प्रशांतला दारात गाठलं. "यू गिव्ह मी ऊसा. आय ब्रिंग बॅक." जशी काही मी शिडी होते, शेजाऱ्याकडून मागून न्यायची. प्रशांतने व्हिसाची सगळी खटपट केली आणि वर दहादा बजावलं, "आई, कुणी काही विचारलं तर फक्त फ्रेंड म्हण. जास्त बोलू नकोस."

डोंगराच्या अंगावर दगडी घरांचं गाव. खाली लांबवर समुद्राची पट्टी, ताटाच्या कडेसारखी. सकाळी थंडी बोचरी, चुलीत ऑलिव्हच्याच फांद्या जळायच्या, त्या धुराला किंचित गोडसर वास. पाला उकळून लिंबू पिळलेली भाजी, बकरीचं खारं चीज, आणि विस्तवावर भाजलेल्या पावावर नवं तेल. तेल हिरवंगार. पहिला घास घेतला आणि घशात असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. सगळे खूश. ठसका लागला म्हणजे तेल खरं, असं त्यांचं मत. आमच्या घाण्याच्या शेंगतेलाची मला आठवण झाली, पण ते आईसारखं मऊ. हे सासूसारखं, आधी बोलतं आणि मग जवळ घेतं.

ज्या घरी उतरलो ते स्तावरूलाच्या भावजयीचं, पनायोताचं. तीही काळ्या कपड्यांत. पण तिथे म्हाताऱ्या बायका सगळ्याच काळ्या कपड्यांत, मी त्यातून काय ओळखणार? दिवसभर झाडांखाली जाळी अंथरायची, फांद्यांतून लांब दांड्याची दाताळी ओढायची. खर्र, खर्र, आणि जाळीवर फळांचा सडा. मजूर दोघे होते, बाकी आम्ही तिघी. बागेतलं काम माझ्या हाताला नवं नव्हतं, पण मान वर करून करायचं काम निराळं. रात्री मान उशीवर टेकायची नाही. तरी मला सुख वाटत होतं. किती वर्षांनी मी कुणाच्या तरी उपयोगी पडत होते.

भाषेची मात्र फजिती. त्यांच्यात 'ने' म्हणजे हो. मी ताट हातात धरून खुणेने विचारायची, इथे ठेवू? पनायोता म्हणायची, "ने, ने." की मी निघाले ताट घेऊन. ती मागून हाका मारतेय आणि मी चाललेय अंगणात. ने म्हटल्यावर न्यायचंच ना? स्तावरूलाने ते समजावून सांगितलं तेव्हा पनायोता हसली. मी तिला हसताना त्या मुक्कामात तेवढंच पाहिलं.

तिच्या बैठकीच्या खोलीत एका तरुणाचा फोटो होता. दाट भुवया, आईचंच नाक. "यानिस," स्तावरूला म्हणाली होती, "हर बॉय. यानिस नो हिअर." नो हिअर. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. माझाही मुलगा तासगावात नो हिअरच होता की इतकी वर्षं! आया अशाच फोटोंसमोर बसतात. फोटोपुढे तेलाचा दिवा होता, पण दिवा त्यांच्या देवांपुढेही होता. आणि फोटोला हार नव्हता. आपल्याकडे हार नसलेला फोटो म्हणजे माणूस आहे. कुठेतरी आहे, जेवतोय, झोपतोय, फोन करेल.

तोड संपत आली तशी एके दिवशी दुपारी मी अंगणातून आत आले आणि दारातच उकडलेल्या गव्हाचा वास आला. तो वास आला की मी कुठेही असले तरी तासगावला पोचते. बघते तर टेबलावर पांढरं कापड, त्यावर फुटलेला गहू वाळत घातलेला. बाजूला डाळिंबाचे दाणे, बदाम, तीळ, आणि वाडगाभर बेदाणे. बेदाणे! मी हातात घेऊन बघितले. आमच्या तासगावच्या शेडवर वाळवलेले जास्त हिरवट असतात. पनायोता मान खाली घालून बदाम सोलत होती, स्तावरूला तिच्या शेजारी.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घुगऱ्या! घरात बारसं आहे. यानिसला मूल झालंय, तिकडे परदेशात, आणि ही बिचारी इथे एकटी घुगऱ्या करतेय. मला कळणार नाही तर कुणाला? ईरा इथे अमेरिकेत जन्मली तेव्हा मी तासगावात हेच केलं होतं. बाळ नाही, पाळणा नाही, तरी गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या, आळीत वाटल्या, रिकाम्या झोळीला झोका दिला. शेजारणी म्हणाल्या, उषा वेडी झाली. आजी झाले होते, वेडी नको व्हायला?

तर मी पुढे झाले. पनायोताच्या दोन्ही गालांवरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली. दोरीवरचा टॉवेल घेतला, त्याची घडी घालून बाळ केलं, मांडीवर घेतलं आणि पाळणा म्हणायला लागले. आमच्या आईचा पाळणा, सगळा, पहिल्या कडव्यापासून. नावाच्या जागी 'यानिसचं बाळ' असं घातलं. स्तावरूलाने तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होती. पनायोताने हात वर केला आणि एक वाक्य बोलली. छोटंसं. मला वाटलं, वा म्हणाली. मी आणखी आवाज चढवला.

पाळणा संपला तेव्हा पनायोता बदाम सोलतच होती. वाडग्यात सालं पडत होती, बदामही त्यातच पडत होते.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये कळलं. घुगऱ्या मोठ्या तबकात थापल्या होत्या. वर पिठीसाखरेचा थर, त्यावर चांदीच्या गोळ्यांचा क्रूस. मेणबत्त्या. आणि तबकाच्या मागे तोच फोटो. धर्मगुरू गाता गाता "यानिस" म्हणाले तसे सगळे लोक उभे राहिले. माझ्या शेजारी स्तावरूलाने माझा हात दाबला. "वन इयर," ती पुटपुटली. उतरणीच्या बांधावर ट्रॅक्टर उलटला होता. त्यांच्यात हा गहू मेलेल्यांचा. जमिनीत गेला म्हणजे परत उगवेल, म्हणून. बाहेर अंगणात प्रत्येकाला कागदी पिशवीतून वाटला. मलाही. मी तो गिळला. गोड होता, त्याच्यात डाळिंब फुटत होतं, आणि मला वाटत होतं, आत्ता या डोंगराने मला पोटात घ्यावं.

परतीच्या विमानात मी स्तावरूलाला विचारलं, ती काय म्हणाली होती, मी गात होते तेव्हा? तिने हनुवटी वर करून 'च्च' केलं. त्यांच्यातही 'च्च' म्हणजे नाहीच. नंतरही दोन-तीनदा विचारून बघितलं. च्च. मी समजून गेले, काही तरी फार वाईट बोलली असणार. कुठली ही बाई घरात आणलीस, असं. पुढे दरवर्षी पनायोता स्तावरूलाकडे तेलाचा डबा पाठवायची आणि त्यातली एक बाटली माझी असायची. ते तेल मी भाजीवर घालायचे, पण ठसका लागला की तो दिवस आठवायचा.

या उन्हाळ्यात स्तावरूलाच्या पोटात गाठ निघाली. पोटात सगळीकडे पसरली आहे म्हणाले. हॉस्पिटलने घरी पाठवलं, बैठकीच्या खोलीत तो वर-खाली होणारा पलंग आला, दिवसातून एकदा नर्स यायची. एलेनी डेन्वरहून आली. वाईट मुलगी नाही. लॅपटॉप मांडीवर, एक डोळा आईवर, एक डोळा कामावर, दोन्ही लाल. मी सूप घेऊन जायचे. सूप तसंच परत यायचं.

ऑक्टोबरात एका दुपारी एलेनी खाली गाडीत फोनवर बोलत बसली होती. स्तावरूलाने माझं मनगट धरलं. हाताला वजन नव्हतं, पाचोळा लागावा तसा लागला.

"ऊसा. यू मेक व्हीट."

"फॉर यू? नो नो. यू गेट गुड." मी आपलं म्हटलं. खोटं बोलायला माझं इंग्रजी पुरतं.

ती थकून हसली. "एलेनी नो मेक. एलेनी मेक पार्टी. पिक्चर, म्युझिक, कपकेक." मग डोळे मिटून पडली. मला वाटलं झोप लागली. पण तिने तसंच, डोळे न उघडता, विचारलं, "यू वॉन्ट नो? पनायोता?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं. मला आता नकोच होतं.

"शी से, 'नो टेल हर. लेट हर सिंग.'"

नको सांगूस तिला. गाऊ दे.

मी एवढी वर्षं त्या एका वाक्याला किती शिव्या जोडून ठेवल्या होत्या! तिच्या लेकराचं वर्षश्राद्ध, तिच्या घरात एक परकी बाई टॉवेल मांडीवर घेऊन पाळणा म्हणतेय, आणि ती म्हणते, गाऊ दे. बारशाला त्याचं नाव ठेवलं असेल तेव्हा ती अशीच बसली असेल का, मान खाली घालून? की त्या दिवशी तिला तेवढ्यापुरतं तो परत पाळण्यात दिसला? स्तावरूलाला विचारायला हवं होतं. पण ती खरंच झोपली होती.

शेवटचे काही दिवस ती एकच शब्द बोलायची. एलेनी विचारायची, "मॉम, वॉटर?" ती म्हणायची, "ने." "मॉम, पिलो?" "ने." मग कुणी काही न विचारताच, छताकडे बघून, "ने... ने..." एलेनी म्हणाली, "शी इज सेइंग येस. शी इज अॅट पीस." मी मान हलवली. माझी आजी, माझी सासू, दोघी खाटेवर पडून हाच शब्द म्हणत गेल्या, ने रे देवा आता. एलेनीला हो ऐकू येत होतं आणि मला ने. एकाच खोलीत. तिच्या आईला कुठलं म्हणायचं होतं ते तिचं तिला माहीत.

ती गेली आणि एलेनीने दहन केलं. मॉमला साधं हवं होतं, म्हणाली. मी दारात उभी राहून धीर केला. "एलेनी, युवर मदर, शी टोल्ड मी. व्हीट. इन चर्च." तिने मला जवळ घेतलं, खूप वेळ. "आय नो. इट्स जस्ट... अ लॉट, राइट नाऊ." तिच्या खांद्याला पावडरचा वास होता. ती त्या बाईची पोटची होती. मी मागून आणलेली शिडी.

मग मी प्रशांतला घेऊन ग्रीक चर्चमध्ये गेले. तिथल्या एका बाईने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की जाळलेल्यांसाठी ही प्रार्थना इथे होत नाही, त्यांचं नाव घेतलं जात नाही. तिलाच वाईट वाटत होतं. परत येताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते. आमच्यात जाळल्याशिवाय सुटका नाही, आणि त्यांच्यात जाळलेल्याला नाव नाही. प्रशांत म्हणाला, "आई, तू तुझ्या परीने केलंस ना? लेट इट गो आता."

राख डेन्वरला गेली. शेजारच्या लॉनवर विक्रीची पाटी रोवलीय. पानं कुणी ओढली नाहीत, ती कुजतायत, त्यांच्याखाली त्या पाल्याचे दोन-चार गड्डे अजून हिरवे आहेत. काल नवीन माणूस येऊन औषध मारून गेला. मी खिडकीतून बघत राहिले. धावले नाही.

मला आता रोज एक विचार येतो, आणि तो मी केतकीला सांगत नाही, उगाच तिच्या जिवाला घोर. मी गेल्यावर प्रशांत सगळं करेल. व्यवस्थित करेल, रजा टाकून, ऑनलाइन गुरुजी बोलावून. पण गुरुजी विचारतील, आईचं नाव? प्रशांत सांगेल. आणि त्याच्यानंतर?

गहू शिजला. एकेक दाणा फुटला, पण लगदा झाला नाही. तो मी कापडावर पसरला, पंखा लावला. डाळिंब सोललं. बेदाणे आपल्याच दुकानातले, पाकिटावर सांगली असं लिहिलेले. साखर घातली, क्रूस मला घालवेना, हात अडला. नुसतंच मधोमध एक बोट टेकवलं. वरून पनायोताच्या शेवटच्या बाटलीतल्या तेलाचा थेंब टाकावासा वाटला, पण तसं करत नसावेत. बाटली परत कपाटात ठेवली.

ईरा शाळेतून आली. बॅग टाकली, थेट ओट्यापाशी. "व्हॉट्स दिस? इज इट समबडीज बर्थडे?"

"घे, खा. घुगऱ्या आहेत."

चमचाभर तोंडात टाकून म्हणाली, "इट्स ओके. आय लाइक द रेड थिंग्ज. हू इज इट फॉर?"

"शेजारच्या आजीसाठी."

"ओह. द डँडेलियन लेडी?"

सात वर्षं भिंतीला भिंत लागून. "तिला नाव होतं," मी म्हटलं. जरा जोरात म्हटलं गेलं असावं, कारण तिने चमचा खाली ठेवला.

"सॉरी आजी. व्हॉट वॉज इट?"

मी खुर्चीवर बसले, तिला जवळ ओढलं, तिचे केस कानामागे सारले आणि बारशाला आत्या करते तसं कानात कुर्रर्र केलं. ती गुदगुल्यांनी वळवळली. मग नाव सांगितलं. स्तावरूला. ती म्हणाली, स्तावरूला. माझ्यापेक्षा नीट म्हणाली. आपल्याकडे नाव सांगून झालं की मागच्या बायका आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. माझ्या मागे फ्रिज गुरगुरत होता. बाहेर प्रशांतचं दाताळं, खर्र, खर्र.

ईराने आणखी एक चमचा घेतला, डाळिंबाचे दाणे वेचून. मग चावता चावता थांबली.

"आजी, व्हॉट्स युवर नेम? लाइक, युवर अॅक्चुअल नेम?"

मी तिला पुन्हा जवळ ओढलं. मग तिचा दुसरा कान जवळ घेतला, कुर्रर्र केलं, आणि तोंडातून आलं ते, "ऊसा."